ब्रिटिश गॉथिक भयपट: फिरून फिरून येणारे प्रश्न

जुन्या इंग्लिश भयपटांवर लिहायला लागल्यापासून मला काही ठरावीक प्रश्न सतत येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहीत बसण्यापेक्षा ते एकदाच इथे मांडले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शेवट फोडल्याबद्दल कुणी रागावू नये. साठ वर्षं जुन्या चित्रपटांची गुपितं राखणं माझ्याच्याने होत नाही.

१. ‘ब्रिटिश गॉथिक भयपट’ म्हणजे नेमके कोणते चित्रपट?

ढोबळमानाने १९५७ ते १९७६ या वीस वर्षांत इंग्लंडमध्ये बनलेले, बहुतेक एकोणिसाव्या शतकात घडणारे भयपट. १९५७ च्या ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ने ही लाट सुरू झाली आणि १९५८ च्या ‘ड्रॅक्युला’ने ती जगभर नेली. डोंगरावरची गढी, रात्री धावणारी घोडागाडी, गावातली खानावळ, तळघरातली शवपेटी आणि हातात मेणबत्ती घेऊन जिन्यावरून उतरणारं कुणीतरी, एवढं दिसलं की समजावं. त्याआधी काहीच नव्हतं असं मात्र नाही. ईलिंग स्टुडिओचा १९४५ चा ‘डेड ऑफ नाइट’ आजही झोप उडवतो. त्यातला बोलक्या बाहुल्याचा भाग बघून मी घरातली एक जुनी बाहुली माळ्यावर टाकली होती.

२. गॉथिक ही तर चर्चची बांधकामशैली ना? मग चित्रपटाला गॉथिक का म्हणतात?

शैलीच, पण वाटेत साहित्य आहे. होरेस वॉलपोल या इंग्रज गृहस्थाला मध्ययुगीन टोकदार कमानींचं वेड होतं. लंडनजवळ स्ट्रॉबेरी हिल इथे त्याने त्या थाटाचं घर बांधलं, आणि १७६४ मध्ये जुन्या गढीत घडणारी एक भुताटकीची कादंबरी लिहिली. तिथून असल्या गोष्टींना ‘गॉथिक’ नाव चिकटलं. पुढे १८१८ मध्ये मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ आली, १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’. घर हेच मुख्य पात्र, आणि पूर्वजांनी केलेलं पाप वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे येतं, हा या सगळ्यांचा गाभा. ज्यांच्या आजोळी एखादी कायम कुलूपबंद खोली होती त्यांना हे वेगळं समजवायला नको.

३. हॅमर म्हणजे कोण? दिग्दर्शक की कंपनी?

कंपनी. विल्यम हाइंड्स नावाचे व्यावसायिक हौसेने रंगमंचावर ‘विल हॅमर’ या नावाने वावरायचे. त्यांनी १९३४ मध्ये ती काढली. पुढे सूत्रं जेम्स कॅरेरस आणि विल्यम यांचे पुत्र अँथनी हाइंड्स यांच्याकडे आली. अँथनी पटकथा लिहायचे तेव्हा ‘जॉन एल्डर’ हे टोपणनाव घ्यायचे. १९५५ मध्ये बीबीसीच्या एका गाजलेल्या मालिकेवरून त्यांनी ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ काढला, आणि प्रौढांसाठीच्या ‘एक्स’ प्रमाणपत्राचीच जाहिरात व्हावी म्हणून ‘एक्सपेरिमेंट’ या इंग्रजी शब्दातलं पहिलं अक्षर गाळून त्याची सुरुवात थेट एक्सने केली. धंद्याची अक्कल पहिल्यापासून होती. १९६८ मध्ये या भुताखेतांच्या कारखान्याला निर्यातीबद्दल राणीच्या नावाचा उद्योग पुरस्कार मिळाला.

४. खरं सांगा, हे बघून आज कुणाला भीती वाटते का? आणि वाटत नसेल तर बघायचं कशासाठी?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. नाही वाटत. दचकायला होत नाही, आरडाओरड होत नाही, आणि वटवाघळाची दोरी दिसते ती दिसतेच. तरी मी दर पावसाळ्यात हे चित्रपट काढून बसतो, कारण यांतली दुष्टता घरंदाज आहे.

‘ड्रॅक्युला’ चित्रपटातला खुद्द ड्रॅक्युलाचा पहिला प्रवेश घ्या. जिन्याच्या वर एक उंच काळी आकृती उभी राहते. आता काहीतरी भयंकर होणार म्हणून आपण सरसावून बसतो. तो झपझप उतरतो, पाहुण्याला नमस्कारचमत्कार करतो, सामान उचलतो आणि खोली दाखवतो. एखाद्या उत्तम यजमानासारखा. थोड्या वेळाने तोच माणूस तांबारलेल्या डोळ्यांनी आणि रक्ताळलेल्या तोंडाने दारात उभा असतो. मधल्या त्या सभ्यपणामुळेच ते दृश्य अंगावर येतं.

दुसरं उदाहरण ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’चं. बॅरन फ्रँकेन्स्टाइनने मोलकरणीला स्वतः बनवलेल्या राक्षसाच्या खोलीत कोंडलंय, तिची किंकाळी ऐकू येते, आणि पुढच्याच क्षणी आपण न्याहारीच्या टेबलावर असतो. बॅरन शांतपणे होणाऱ्या बायकोकडे मार्मालेड मागतो. बस्स. या माणसाबद्दल आणखी काही सांगायची गरजच उरत नाही. राक्षस बिचारा ठिगळं लावलेला अभागी जीव आहे. खरा राक्षस इस्त्रीच्या कोटात बसून पाव खातोय.

तिसरी गोष्ट म्हणजे गावकरी. यांतल्या खानावळीत लसणाच्या माळा टांगलेल्या असतात. पाहुण्याने विचारलं की मालक नजर चुकवतो आणि विषय बदलतो. कोकणात ‘तिन्हीसांजेनंतर त्या पाणंदीने जाऊ नको’ असं सांगणारी आणि ‘का?’ विचारल्यावर गप्प बसणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. भीती त्या गप्प बसण्यात असते, आणि ब्रिटिश लेखकांना ते पक्कं ठाऊक होतं.

आणि कुणीही डोळा मिचकावत नाही. नट, संगीतकार, सेट उभारणारे सुतार, सगळ्यांनी हा स्वस्तातला मामला गंभीरपणे घेतला आहे. ‘आम्हालाही माहितीये हे खोटं आहे’ असं कुणी सुचवत नाही. आजच्या बऱ्याच भयपटांत मला सर्वात जास्त खटकते ती हीच उणीव.

५. रक्त एवढं लालभडक का? अगदी रंगाच्या डब्यातलं वाटतं.

कारण तेव्हा ते दाखवणंच नवीन होतं. हॉलिवूडचे १९३१ चे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ काळेपांढरे होते. हॅमरने त्याच गोष्टी रंगात आणल्या. छायाचित्रकार जॅक अ‍ॅशर रंगीत काचा लावून भिंतींवर हिरवट-जांभळे उजेड टाकायचे, त्यामुळे सबंध चित्र तेलरंगातल्यासारखं दिसतं, आणि त्यात लाल रंग अगदी मोजून येतो. ‘ड्रॅक्युला’ची श्रेयनामावली संपते ती शवपेटीवरच्या नावाच्या पाटीवर टपकणाऱ्या रक्ताने. एका निवृत्त औषधविक्रेत्याने बनवलेलं नकली रक्त ब्रिटिश चित्रपटसृष्टीत प्रसिद्ध होतं. लंडनमधल्या एका रस्त्याच्या नावावर कोटी करून त्याला ‘केन्सिंग्टन गोर’ म्हणत.

आपल्याला वाटतं तेवढं रक्त या चित्रपटांत नसतंच. पुन्हा बघा आणि मोजा.

६. एवढा डौल दिसतो म्हणजे खर्चही प्रचंड झाला असेल?

उलट. ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ साधारण ६५,००० पौंडांत उरकला. ती काटकसर हा माझा आवडता विषय आहे, तेव्हा थोडं सैल सोडून लिहितो.

टेम्सच्या काठी, विंडसरजवळ ब्रे इथे डाउन प्लेस नावाचं जुनं मोठं घर होतं. १९५१ पासून १९६६ पर्यंत हॅमरचा संसार तिथे चालला. शेजारी भर घालून स्टुडिओ झाला, पण मूळ घराच्या खोल्याही चित्रणात वापरल्या गेल्या. कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन एकच दालन खांब हलवून, पडदे बदलून, जिना उलटा फिरवून पुन्हा पुन्हा वापरायचे. कमाल झाली १९६५ मध्ये. ‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’, ‘रासपुतिन’, ‘द प्लेग ऑफ द झाँबीज’ आणि ‘द रेप्टाइल’ हे चार चित्रपट पाठोपाठ काढताना सेट एकमेकांच्या अंगावरून उतरवून घातल्यासारखे फिरवले. थोरल्याचे कपडे धाकट्याला. गढीच्या दाराशी साचलेलं बर्फ काढलं की रशियाचा राजवाडा तयार.

शेजारी ओकली कोर्ट नावाची टोकेरी मनोऱ्यांची इमारत होती. बाहेरून दाखवायला ती फुकटासारखी मिळाली. आता तिथे हॉटेल आहे. जंगल हवं असेल तर बकिंगहॅमशायरमधलं ब्लॅक पार्क. चार-पाच चित्रपट लागोपाठ पाहिले की तिथली झाडं ओळखू यायला लागतात, आणि ट्रान्सिल्व्हेनियापासून बव्हेरियापर्यंत सगळीकडे तीच झाडं आहेत हे लक्षात आल्यावर राग न येता प्रेमच वाढतं.

‘द कर्स ऑफ द वेअरवुल्फ’ची गोष्ट स्पेनमध्ये का घडते, असंही एकाने विचारलं होतं. स्पॅनिश धर्मन्यायालयावरच्या एका रद्द झालेल्या चित्रपटाचे सेट तयार होते म्हणून. एवढंच कारण.

७. पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली यांच्यात थोर कोण?

हा प्रश्न भांडण लावण्यासाठीच विचारला जातो. मी कुशिंगच्या बाजूचा.

हॅमरचा ड्रॅक्युला झालेल्या ली यांची उंची सहा फूट पाच इंच, आवाज खर्जातला, चालणं राजेशाही. पडद्यावर नुसते उभे राहिले तरी काम होतं. कुशिंग मात्र हातांनी अभिनय करतात. चिमटा उचलणं, हातमोजा काढणं, चष्म्याची काच पुसणं, वही मिटणं, सतत काहीतरी चालू असतं. त्यामुळे ते प्रयोगशाळेत उभे राहिले की ‘हा माणूस रोज इथेच काम करतो’ असं वाटतं. बॅरन फ्रँकेन्स्टाइन त्यांनी हॅमरसाठी सहा वेळा केला, आणि दर वेळी तो आणखी निर्दय होत गेला. तेच कुशिंग ड्रॅक्युलासारख्या रक्तपिपासू व्हँपायरांना संपवणारा व्हॅन हेल्सिंग होतात तेव्हा इतके आश्वासक वाटतात की नारायण धारपांचे ‘समर्थ’ वाचलेल्या माझ्या पिढीला जुनी ओळख निघाल्यासारखं वाटतं.

१९५८ च्या चित्रपटाचा शेवट बघा. व्हॅन हेल्सिंग लांब टेबलावरून धावत जाऊन खिडकीच्या पडद्यावर झेप घेतो, पडदा फाटून ऊन आत येतं, आणि मग तो दोन शमादानं एकमेकांवर आडवी धरून क्रूस करतो. शमादानांची कल्पना स्वतः कुशिंगची.

दोघं खऱ्या आयुष्यात जिवलग मित्र होते. फ्रँकेन्स्टाइनच्या वेळी आपल्या राक्षसाला एकही संवाद नाही अशी तक्रार ली घेऊन गेले, तेव्हा कुशिंग म्हणाले की नशीबवान आहेस, मी पटकथा वाचली आहे. हा किस्सा ली आयुष्यभर सांगत. कुशिंग १९९४ मध्ये गेले, ली २०१५ मध्ये. आणि हो, १९९८ च्या ‘जिना’ चित्रपटातले महंमद अली जिना म्हणजे हेच ली.

८. ड्रॅक्युला बोलत का नाही? मी पाहिलेल्या चित्रपटात तो नुसता फिसकारतो.

तुम्ही ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’ (१९६६) पाहिलात. त्याचं कारण दोन माणसं दोन प्रकारे सांगत. ली म्हणत, संवाद इतके टुकार होते की मी बोलायला नकार दिला. पटकथाकार जिमी सँगस्टर म्हणत, मी संवाद लिहिलेच नव्हते, व्हँपायर काय गप्पा मारतात का? कुणाचं खरं धरायचं ते तुम्ही ठरवा. १९५८ मध्येही तो सुरुवातीला मोजकं बोलतो आणि मग गप्पच होतो. तिथे त्याच्याऐवजी बोलतं ते जेम्स बर्नार्ड यांचं संगीत. मुख्य धून ‘ड्रॅ-क्यु-ला’ या तीन अक्षरांवरच बांधली आहे. एकदा कळलं की दुसरं काही ऐकूच येत नाही.

९. व्हँपायर नेमका मरतो कशाने? प्रत्येक चित्रपटात नियम वेगळे का?

कारण नियम सोयीनुसार बदलतात, आणि त्याची कुणाला लाज नाही.

उन्हाने मरणं मूळ कादंबरीत नाही. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो. ऊन आलं १९२२ च्या एका जर्मन मूकपटातून. कादंबरीत त्याला दोन सुऱ्यांनी मारतात, आणि त्यांतली नायक हार्करच्या हातातली चक्क कुकरी आहे.

हॅमरच्या पहिल्या ‘ड्रॅक्युला’त व्हॅन हेल्सिंग स्पष्ट सांगतो की व्हँपायर वटवाघूळ होतो ही नुसती लोकसमजूत आहे. दोनच वर्षांनी ‘द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’त भलंमोठं वटवाघूळ त्याच व्हॅन हेल्सिंगच्या अंगावर येतं. त्याच चित्रपटात त्याला व्हँपायर चावतो, तर तो तापलेल्या लोखंडाने स्वतःची मान डागून वर पवित्र पाणी ओततो आणि बरा होतो. ही सोय पुढे कुणालाच मिळाली नाही.

मग वाहतं पाणी आलं (१९६६, बर्फ फोडून), वीज आली (१९७०), काटेरी झुडूपही आलं (१९७३). सर्वात चमत्कारिक अपवाद १९६८ च्या ‘ड्रॅक्युला हॅज रिझन फ्रॉम द ग्रेव्ह’मधला. नायक त्याच्या छातीत मेख ठोकतो, पण मेखेबरोबर प्रार्थनाही म्हणावी लागते, आणि नायक नास्तिक! तो म्हणत नाही. ड्रॅक्युला ती मेख स्वतःच्या हाताने उपटून काढतो. या नियमाचा आधी मागमूस नव्हता, पुढेही फारसा नाही. ली यांना तो प्रसंग अजिबात पटला नव्हता. मला मात्र पुष्कळ विचार करायला लावणारा वाटतो.

१०. व्हँपायर म्हणजे आपला वेताळच ना?

नाही. गोंधळाचं एक मोठं कारण रिचर्ड बर्टन हे इंग्रज साहेब. त्यांनी वेताळपंचविशीच्या कथा १८७० मध्ये इंग्रजीत आणताना नावात विक्रमासमोर ‘व्हँपायर’ बसवला. आपला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लोंबकळतो, कोडी घालतो आणि राजाला शहाणं करतो. कोकणात-गोव्यात तो ग्रामदैवतही आहे. त्याची जत्रा भरते. रक्ताशी त्याचं नातं व्हँपायरसारखं नाही, आणि क्रूस दाखवून तो पळायचा नाही. खवीस, मुंजा, हडळ यांनाही व्हँपायरच्या रांगेत उभं करू नये. प्रत्येकाचं खातं वेगळं आहे.

११. ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ नावाचा हॅमरपट आहे म्हणे. त्यात मुंबई दिसते का?

नाही दिसत. १९५९ चा हा काळापांढरा चित्रपट ठगांवर आहे, काळ १८२० च्या दशकातला, आणि चित्रण ब्रेच्या स्टुडिओतलं. ठगांच्या बंदोबस्तासाठी ज्याचं नाव घेतात त्या स्लीमनचं काम जबलपूरकडचं. नावात मुंबई आली ती विलायती प्रेक्षकाच्या कानाला ओळखीची म्हणून, दुसरं कारण मला दिसत नाही. कालीचा पुजारी सायप्रसचा नट, आणि गावचा पाटील झालेले मार्न मेटलंड मात्र जन्माने कलकत्त्याचे. काळं फासलेले गोरे चेहरे आणि रक्तपिपासू भाविक बघताना आज अवघडायला होतं, आणि व्हायलाच हवं.

याच संदर्भात ‘द प्लेग ऑफ द झाँबीज’ बघा, तो जास्त शहाणा आहे. कॉर्नवॉलमधला जमीनदार हैतीहून जादू शिकून येतो आणि गावातले मेलेले लोक उठवून आपल्या कथलाच्या खाणीत राबवतो. मजुरी नको, जेवण नको, तक्रार नको. वसाहतीत शिकलेली विद्या मालकाने घरच्या माणसांवर चालवली. ‘द रेप्टाइल’मध्येही पाप पूर्वेकडून येतं, पण ते आणणारा संशोधक बाप इंग्रज असतो आणि भोगते त्याची मुलगी. ती पाहुण्यांसमोर सतार वाजवते आणि बाप संतापून सतार फोडतो, तो प्रसंग एकदा पाहिला की विसरत नाही.

१२. या चित्रपटांत बायका फक्त किंचाळायला असतात का?

पुष्कळदा हो, खोटं कशाला बोला. १९७० नंतर तर कपडे उतरवण्याकडे कल गेला. पण ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’मधल्या बार्बरा शेली पाहा. हेलन ही सोवळी, कटकटी, सतत ‘इथून चला’ म्हणणारी बाई. (तिचं ऐकलं असतं तर चित्रपट अर्ध्या तासात संपला असता.) व्हँपायर झाल्यावर तीच पहिल्यांदा मोकळी हसते. मग मठातले पुरुष तिला धरून टेबलावर आडवी करतात आणि मेख ठोकतात. दिग्दर्शक टेरेन्स फिशर ते दृश्य कुणाच्या बाजूने दाखवतात हे मला पाच-सहा वेळा बघूनही ठरवता आलेलं नाही.

‘ब्राइड्स’मधली म्हातारी बॅरोनेसही सोडू नका. स्वतःच्या व्हँपायर मुलाला साखळीने बांधून ठेवणारी, त्याच्यासाठी पोरी पुरवणारी, आणि शेवटी त्याच्याच दातांना बळी पडणारी आई.

१३. मला रक्त नको, नुसती भुतं हवीत. काही आहे का?

आहे, आणि ते हॅमरच्या बाहेर आहे. ‘द इनोसन्ट्स’ (१९६१), दिग्दर्शक जॅक क्लेटन. दोन मुलं, एक मोठं घर, नवी शिक्षिका झालेल्या डेबोरा कर, आणि तळ्यापलीकडे लव्हाळ्यात उभी असलेली काळ्या कपड्यातली बाई. भर दिवसा, दूर, हलत नाही. मूळ गोष्ट हेन्री जेम्स यांची, १८९८ ची. भुतं खरी की त्या शिक्षिकेच्या मनातली, याचं उत्तर चित्रपट देत नाही. मलाही कुणी विचारू नये. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी रुंद पडद्याच्या कडा काळ्या करून टाकल्या, त्यामुळे कोपऱ्यात कुणीतरी असल्याचा भास सतत राहतो.

त्यानंतर ‘द हाँटिंग’ (१९६३). दिग्दर्शक आणि कादंबरी अमेरिकन, पण चित्रण इंग्लंडमधलं. त्यात भूत दिसतच नाही, दार फक्त आतल्या बाजूला फुगतं. आणि ‘नाइट ऑफ द डीमन’ (१९५७), ज्यात राक्षस दाखवू नये असं दिग्दर्शकाचं मत होतं तरी दाखवला गेला. इंग्रजांकडे नाताळात शेगडीभोवती बसून भुताच्या गोष्टी सांगायची चाल आहे. हे तीन चित्रपट त्या परंपरेतले वाटतात. आपल्याकडे त्यासाठी आषाढातली वीज गेलेली रात्र चालेल.

१४. अ‍ॅमिकस, टायगन ही नावं दिसतात. तेही हॅमरच का?

वेगळ्या कंपन्या. अ‍ॅमिकस दोन अमेरिकनांनी इंग्लंडात चालवली. चार-पाच छोट्या गोष्टी एकात गुंफलेले, चालू काळात घडणारे चित्रपट ही त्यांची खासियत. कुशिंग-ली तिथेही आहेतच, म्हणून गल्लत होते. टायगनचा ‘विचफाइंडर जनरल’ (१९६८) आणि दुसऱ्या एका कंपनीचा ‘द विकर मॅन’ (१९७३) यांना मी गॉथिक म्हणणार नाही. तिथे भीती गढीत नसून शेतात आणि माणसांच्या श्रद्धेत आहे. ‘विचफाइंडर’चे दिग्दर्शक मायकेल रीव्ह्ज पंचविसाव्या वर्षी वारले. तो चित्रपट बघताना हे मनातून जात नाही.

१५. रामसे बंधूंनी सगळं हॅमरचंच उचललं, खरं का?

‘सगळं’ नाही. धुकं, गढी, शवपेटी, रंगीत उजेड हे नातं उघड दिसतं. ‘बंद दरवाजा’ (१९९०) मधला नेवला हा ड्रॅक्युलाचा सख्खा चुलतभाऊ आहे. पण ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) साठी महाबळेश्वरला बिऱ्हाड घेऊन गेलेल्या या कुटुंबाने क्रूसाच्या जागी त्रिशूळ आणला, तळघराच्या जागी पडकं देऊळ, वर गाणी आणि विनोदी नोकर. हॅमरमध्ये पाप एका कुळाच्या गढीत मुरलेलं असतं. रामसेंकडे ते पिढ्यांना लागलेल्या शापासारखं येतं, आणि शाप ही गोष्ट आपल्याला पुराणांतून आधीच पाठ आहे. काटकसरीत मात्र दोन्ही घराणी एका माळेचे मणी (प्रश्न ६ पाहा).

१६. एवढं चाललेलं असताना हे चित्रपट बंद का पडले?

जग बदललं आणि गढी तिथेच राहिली. १९६८ मध्ये अमेरिकेत ‘रोझमेरीज बेबी’ आला, त्यात सैतान शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत होता. १९७३ च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ने उरलंसुरलं संपवलं. अमेरिकी कंपन्यांचा पैसा आटला. हॅमरने ड्रॅक्युलाला १९७२ च्या लंडनमध्ये आणून पाहिलं, हाँगकाँगला पाठवून कुंगफूशी भिडवून पाहिलं. १९७६ च्या ‘टु द डेव्हिल अ डॉटर’नंतर भयपट थांबले. नाव विकत घेऊन नव्या लोकांनी पुन्हा सुरुवात केली आणि २०१२ मध्ये ‘द वुमन इन ब्लॅक’ चांगला चालला.

१७. मुलांना दाखवू का?

तेव्हा ‘एक्स’ प्रमाणपत्र होतं: आधी सोळा वर्षांखालच्यांना बंदी, १९७० पासून अठराखालच्यांना. आज दहा-बारा वर्षांची मुलं पहिला ‘ड्रॅक्युला’ बघून हसतील. १९७० नंतरचे मात्र आधी स्वतः बघा (कारण प्रश्न १२ मध्ये). आणि ‘द इनोसन्ट्स’मध्ये रक्ताचा थेंब नाही म्हणून तो निरुपद्रवी समजू नका.

१८. एकच बघायचा तर कोणता?

‘ड्रॅक्युला’, १९५८. ब्याऐंशी मिनिटांत संपतो. आवडला तर ‘द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’. त्यात ड्रॅक्युला नाही, तरीही.

१९. ‘ड्रॅक्युला’च्या दोन-तीन वेगवेगळ्या प्रती दिसतात. कुठली खरी?

अमेरिकेत तो ‘हॉरर ऑफ ड्रॅक्युला’ नावाने लागला, तो चित्रपट हाच. फरक आहे तो कापाकापीचा. ब्रिटिश सेन्सॉरने मीना या नायिकेच्या खोलीतल्या प्रसंगाला आणि शेवटी ड्रॅक्युलाची राख होते त्या दृश्याला कात्री लावली होती. जपानमध्ये यापेक्षा लांब प्रत दाखवली गेली अशी कुजबुज चाहत्यांत कित्येक वर्षं होती आणि बहुतेक जण ती थाप समजत. २००७ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने चित्रपट दुरुस्त केला तेव्हाही तो भाग हाती नव्हता. नंतर टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात जपानी प्रत निघाली. १९८४ मध्ये तिथे आग लागली होती, त्यात या प्रतीची पहिली पाच रिळं जळून गेली. वाचली ती शेवटची चार, सहा ते नऊ, आणि हवा असलेला भाग नेमका त्यांतच होता. तो जोडलेली प्रत २०१३ मध्ये डिस्कवर आली. तीच घ्या. तिचा रंग जरा निळसर आहे अशी कुरकुर ऐकू येईल, तिच्यात तथ्यही आहे. पण उन्हात सापडलेला ड्रॅक्युला स्वतःच्या बोटांनी चेहऱ्याची कातडी ओरबाडतो, ती काही सेकंदं दुसऱ्या प्रतीत मिळणार नाहीत.